गाढवाचा डावा हात

पियानो शिकायला आलेल्या प्रत्येक मुलाचा बाई पहिल्या आठवड्यातच एक प्राणी करून टाकत. चुळबुळ करणारी मुलगी खार व्हायची, जिना चढून धापा टाकणारा मुलगा पाणघोडा, आणि विचारल्याशिवाय तोंड न उघडणारी गोगलगाय. खरी नावं हजेरीच्या वहीत असायची, पण ती वही बाईंची मोठी बहीण, आक्का, सांभाळायची. निम्म्या मुलांची खरी नावं बाईंना सांगता आली नसती, आणि त्यात काही चुकतंय असं त्यांना कधी वाटलंही नव्हतं. मुलांना आपापला प्राणी आवडायचा, मुलं हसायची. हसणारं मूल शिकतं, असं बाईंचं म्हणणं होतं आणि छत्तीस वर्षांत ते खोटं ठरलं नव्हतं.

दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या दोन खोल्यांपैकी रस्त्याकडची खोली अर्धीअधिक पियानोनेच खाल्लेली. उरलेल्या जागेत एक कपाट, एक खुर्ची आणि भिंतीवर मुलांनी काढलेली प्राण्यांची चित्रं. येणारी मुलं सहा ते दहा वर्षांची. एवढ्याशा बोटांना झेपतील असे छोटे छोटे तुकडे बाईंनी स्वतःच रचले होते, सगळे प्राण्यांचे. पहिला हत्ती. दोन मुठी करायच्या आणि खालच्या काळ्या पट्ट्यांवर डुलत डुलत चालवायच्या. ज्याला एक सूर वाचता येत नाही तोही पहिल्या दिवशी हत्ती चालवायचा आणि घरी जाऊन सांगायचा, मला पियानो येतो. मग बेडकाच्या उड्या, मग एकाच पट्टीवर दोन बोटं आळीपाळीने आपटणारा सुतारपक्षी, मग बोट न उचलता सरकणारी गोगलगाय. असे बारा.

सातवा नंबर गाढवाचा. 'गाढव अडलं' असं त्याचं नाव. उजवा हात मालकासारखा चार मात्रा सरळ चालत जातो. डावा हात गाढव. तो प्रत्येक वेळी अर्धी मात्रा मागे राहतो, ओढल्याशिवाय पाय उचलत नाही. शेवटी दोन्ही हात एकदम ओरडतात. मुलं हसून लोळायची, आणि हसता हसता त्यांचा डावा हात उजव्यापासून सुटा व्हायचा. दुसऱ्या शिक्षिका महिना महिना घासून जे शिकवायच्या ते बाईंचं गाढव दोन आठवड्यांत शिकवायचं. बाईंचं नाव झालं ते या गाढवामुळेच.

त्या वर्षी सात वर्षांची एक खार दर गुरुवारी पाच वाजता यायची. तिची आई बाजाराच्या कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात काम करायची. शांत बाई, पस्तिशीची. मुलीला आत सोडून ती दाराबाहेरच्या स्टुलावर बसून राहायची. चहा विचारला तर नको म्हणायची, मुलीची प्रगती सांगितली तर मान हलवायची. "हिच्या आईच्या तोंडाला कुलूप आहे," असं बाई आक्काला म्हणाल्या होत्या.

तिसऱ्या महिन्यात खार गाढवाशी पोचली. या टप्प्यावर बाई पालकांना मुद्दाम आत बोलवत, कारण गाढवाची गोष्ट सांगायची असे. तशी त्यांनी खारीच्या आईला बोलावली. आक्का नेहमीप्रमाणे उठून स्वयंपाकघरात गेली.

"याच्यामागे एक खरी गोष्ट आहे बरं का," बाई सावरून बसत म्हणाल्या. "फार वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगी होती. आठेक वर्षांची. गोड पोर, पण डावा हात म्हणजे ठोंब्या! उजवा हात मुक्कामाला पोचला तरी डावा आपला वाटेतच. मोजून दमले, ओरडून दमले, टिकटिक ताल देणारा मेट्रोनोम लावून दमले. गाढवाला गुळाची चव काय! शेवटी एक दिवस मला हसूच फुटलं. म्हटलं, अगं, हे तर ओझ्याचं गाढव आहे. आणि तिच्या हाताचं ते चालणं तिथल्या तिथे लिहून काढलं. त्या वर्षीच्या कार्यक्रमात तिला पियानोशेजारी उभी केली आणि सगळ्यांना सांगितलं, हे मला आमच्या या गाढवाने शिकवलं. अडला हरी गाढवाचे पाय धरी! मग वाजवलं. लोक असे हसले, असे हसले की विचारू नका."

खारीची आई ऐकत होती. "आणि ती?" तिने विचारलं.

"ती कोण?"

"ती मुलगी. ती हसली?"

"हसली तर! सगळ्यांत जास्त तीच हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत."

"पुढे शिकली का ती?"

बाईंनी आठवून पाहिलं. "नाही वाटतं. सोडून गेली. काही मुलांचा जीव नसतो हो त्यात."

खारीच्या आईने मुलीची पिशवी उचलली, "चल," म्हणाली आणि निघाली. तिला गोष्ट आवडली नाही हे बाईंच्या लक्षात आलं, पण माणसं असतात अशी, विनोदाचं वावडं असलेली, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

पुढच्या गुरुवारी ती बाहेर थांबली नाही. मुलीबरोबर आतच आली.

"बाई, तिला गाढव नको. पुढचा धडा द्या."

"असं कसं? क्रम आहे तो. गाढव झाल्याशिवाय मधमाशी जमत नाही. डावा हात बांधलेलाच राहतो."

"राहू दे. पण ते नको."

बाईंचा आवाज चढला. "हे पाहा, चष्म्याचा नंबर तुम्ही ठरवता तेव्हा मी मधे बोलते का? का नको, ते तरी सांगा."

खारीच्या आईने क्षणभर विचार केला. मग ती मुलीला म्हणाली, "आत आक्कांकडे बिस्किटं आहेत का बघ जा." मुलगी पळाली. आई पियानोच्या स्टुलावर बसली, पुढची वही तिने मिटून बाजूला ठेवली आणि 'गाढव अडलं' वाजवायला सुरुवात केली.

उजवा हात सरळ चालला. डावा मागे राहिला, पण तो अर्धी मात्रा मागे नव्हता. पहिल्यांदा थोडा मागे, दुसऱ्यांदा त्याहून कमी, आणि जिथे करंगळी पडायची तिथे सगळ्यांत जास्त. करंगळी सरळ होतच नव्हती. ती पट्टीवर टेकवायला तिला आख्खं मनगट बाहेरच्या बाजूला वळवावं लागत होतं, आणि ते वळून येईपर्यंत उजवा हात पुढे गेलेला असायचा. शेकडो मुलांनी हे गाढव बाईंपुढे वाजवलं होतं, मोजून मापून. असं कोणी वाजवलं नव्हतं. असं एकाच हाताचं चालणं होतं, सत्तावीस वर्षांपूर्वीचं, आणि त्याला नीटनेटक्या मात्रांत बसवलं होतं ते बाईंनी.

शेवटचं ओरडणं तिने वाजवलं नाही. हात मांडीवर घेतले.

"अगं... तू?" बाई म्हणाल्या.

"हो. हसले होते मी. ते तुम्ही बरोबर सांगता." ती उठली. "आता मधमाशी द्या तिला."

बाईंनी मधमाशी दिली. पाऊण तास शिकवलं. कोणत्या बोटावर काय सांगितलं ते त्यांना नंतर काही आठवेना.

मायलेकी गेल्यावर त्यांनी आक्काला जुन्या वह्या काढायला लावल्या. कपाटाच्या तळातून त्या वर्षीची वही निघाली. त्यात त्या मुलीचं खरं नाव होतं, आक्काच्या अक्षरात. बाईंनी ते दोनदा वाचलं, एकदा मोठ्याने. नावापुढच्या खुणा कार्यक्रमाच्या आठवड्यापर्यंत होत्या. तिथून पुढे रिकामं.

"तुला माहीत होतं?" बाईंनी विचारलं.

"ही तीच, हे नव्हतं माहीत." आक्का वहीवरची धूळ पदराने पुसत म्हणाली. "पण तेव्हाचं आठवतं. कार्यक्रम संपल्यावर माझ्याजवळ आली होती. म्हणाली, आक्का, बाई माझ्यावर रागावल्यात का? मी म्हटलं, नाही गं, प्रेमाने म्हणतात."

"मग मला सांगायचंस ना!"

"सांगितलं होतं. तू म्हणालीस, आक्का, तू भारी मनाला लावून घेतेस."

बाईंना ते आठवत नव्हतं. पण आपण असंच म्हटलं असणार याबद्दल त्यांना शंकाही वाटली नाही.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. पाणघोडा आणि दुसरी दोन मुलं त्या वेळी नेमकी गाढवावरच होती. ती हसत हसत वाजवायची आणि बाई खिडकीबाहेर बघत बसायच्या. आजवर ज्या चुकीच्या जागांवर त्या "अगं गाढवा" म्हणत आल्या होत्या तिथे आता शब्द ओठावर येऊन परत जायचा. मुलं गोंधळून बघायची. बाई आजारी आहेत का, असं गोगलगाईने आक्काला विचारलं. गुरुवारी खार यायची, तिची आई बाहेर स्टुलावर बसायची. बाई दारापर्यंत जायच्या, "काही बोलायचं होतं," म्हणायच्या. "मुलीचं काही आहे का?" असं ती विचारायची. नाही म्हटलं की ती पुन्हा मोबाइलमध्ये मान घालायची. बाईंनी तीन वेळा पत्र लिहायला घेतलं. तिन्ही वेळा ते स्वतःचीच बाजू मांडणारं झालं, आणि तिन्ही फाडली.

मग वर्षाचा कार्यक्रम आला. रविवारी दुपारी चार वाजता, वाचनालयाच्या खालच्या हॉलमध्ये. दरवर्षी मुलांचं झालं की शेवटी बाई गाढवाची गोष्ट सांगून स्वतः ते वाजवत. यंदा छापलेल्या कागदावर गाढव नव्हतं. खारीने मधमाशी छान वाजवली. एकदा अडखळली, पण स्वतःच सावरली. तिची आई तिसऱ्या रांगेत दाराजवळ बसली होती. टाळ्या वाजवताना ती उजव्या हाताने डाव्या मनगटावर थोपटते हे बाईंना आज दिसलं.

कार्यक्रम संपला असं बाई म्हणणार, तोच पाणघोड्याचे आजोबा मागून ओरडले, "बाई, गाढव राहिलं!"

लोक हसले. आणखी दोघांनी री ओढली. "गाढव! गाढव!" मुलंही ओरडायला लागली.

बोटं दुखतात, घसा बसलाय, काहीही सांगून बाईंना सुटता आलं असतं. पण त्यांना वाटलं, हीच वेळ आहे. जे चारचौघांत केलं ते चारचौघांतच निस्तरायला हवं. त्या पियानोला टेकून उभ्या राहिल्या.

"ती गोष्ट मी तुम्हाला आजवर चुकीची सांगत आले," त्या म्हणाल्या. "ती मुलगी ठोंबी नव्हती. तिच्या हाताला काहीतरी झालं होतं. मी विचारलं नाही. मी तिच्या दुखण्याचं गाणं केलं आणि तिला तुमच्यासारख्या लोकांपुढे उभी करून हसवलं. मला तिची माफी मागायची आहे."

नाव त्यांनी घेतलं नाही. घ्यायचंच नाही, हे त्यांनी ठरवलेलं होतं. पण माफी म्हणताना त्यांची नजर आपसूक तिसऱ्या रांगेकडे गेली, आणि नजरेमागोमाग चाळीस माना वळल्या. मग कोणीतरी टाळी वाजवली, आणि पाहता पाहता सगळेच वाजवू लागले. खारीच्या आईशेजारच्या बाईने तिच्या खांद्यावर हात ठेवला. बाईंच्या डोळ्यांना धार लागली होती. कितीतरी आठवड्यांनी छातीवरचा दगड उतरल्यासारखं त्यांना वाटत होतं.

हॉलबाहेरच्या पायऱ्यांवर त्यांनी मायलेकींना गाठलं.

"बरं वाटलं का आता?" खारीच्या आईने विचारलं. आवाज अगदी खाली होता.

"अगं, मला फक्त..."

"मला विचारलंत का, बाई? तेव्हा नाही विचारलंत. मी लहान होते, सोडून देऊ. पण आज? माझ्या दुकानात येणारी सहा माणसं होती त्या हॉलमध्ये. तेव्हा सगळे हसले, आज सगळ्यांना माझी दया आली. दोन्ही वेळा उभी मीच."

"मी नाव घेतलं नाही गं."

"नाही घेतलंत. नुसतं बघितलंत."

खार दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होती. तिने आईचा हात ओढला. "आई, ते गाढव तू होतीस?"

आई मुलीला घेऊन पायऱ्या उतरली आणि रस्ता ओलांडून गेली. पाणघोड्याचे आजोबा मागून येऊन म्हणाले, "फार छान बोललात हो बाई, अंगावर काटा आला." बाईंना त्यांच्याकडे बघवेना.

पुढच्या गुरुवारी पाच वाजता कोणी आलं नाही. त्यापुढच्या गुरुवारीही नाही. बाई त्या पाऊण तासात दुसरं कोणतंच मूल घेईनात. पियानो उघडा ठेवून बसून राहायच्या. तिसऱ्या गुरुवारी सकाळीच त्यांनी चपला घातल्या.

"माफी मागायला निघालीस?" आक्काने विचारलं.

"माफी मागून झाली. ती कशी मागितली ते पाहिलंस ना."

"मग?"

"एक गोष्ट विचारायची राहिलीय. सांगितली तर ऐकेन. नाही तर परत येईन."

दुकानात त्या वेळी गर्दी नव्हती. भिंतभर आरसे आणि चष्म्यांच्या रांगा. खारीची आई काउंटरमागे बसून एका फ्रेमचा स्क्रू घट्ट करत होती. डाव्या हाताच्या तीन बोटांत फ्रेम, करंगळी बाजूला वाकडी उभी. बाईंना पाहून तिने पेचकस खाली ठेवला नाही.

"चष्मा हवाय?"

"नाही. तुझ्या हाताला काय झालं होतं, ते विचारायला आले. सत्तावीस वर्षं उशीर झालाय, माहीत आहे मला. सांगायचं नसेल तर नको सांगूस, मी जाते. इथे कोणी नाहीये, आणि मी हे बाहेर कोणाला बोलणार नाही. आक्कालासुद्धा."

ती पेचकस फिरवत राहिली. स्क्रू बसला. काच पुसून तिने फ्रेम डबीत ठेवली.

"आधी मुलीचं सांगते," ती म्हणाली. "ती घरी जेवणाच्या टेबलावर बोटं आपटत असते. रोज विचारते, गुरुवार कधी. तिला मी आजपासून पाठवणार आहे. तुम्ही शिकवता चांगलं. ते मला तेव्हाही माहीत होतं, म्हणून तर तुमच्याकडे आणली. पण ते तिचं आहे. माझं आणि तुमचं त्यात धरू नका. आणि तिला तिच्या नावाने हाक मारायची."

"मारेन."

"काय नाव आहे तिचं?"

बाईंनी सांगितलं. ते त्यांनी परवाच वहीत बघून घेतलं होतं, आणि वहीत बघावं लागलं हेही त्यांनी सांगून टाकलं. खारीच्या आईच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. हसू होतं की दुसरं काही, ते बाईंना कळलं नाही.

"शाळेमागे एक भिंत होती," ती म्हणू लागली. "चढायची नाही म्हणून सांगितलेली. मी चढले, पडले. हातावर पडले. घरी बोलले नाही, मार पडला असता म्हणून नाही हां. हात मोडलाय कळलं असतं तर आईने पियानो बंद केला असता. दर आठवड्याला तुमच्याकडे यायचं, तेवढी एकच गोष्ट मला आवडायची तेव्हा. म्हणून लांब बाह्यांचा फ्रॉक घालायचे आणि दुखणं दाबून वाजवायचे. करंगळीतून कळ यायची ती इथपर्यंत." तिने कोपराला हात लावला. "तुम्ही ओरडायच्या, चालायचं. तुम्ही सगळ्यांनाच ओरडायच्या. पण त्या दिवशी तुम्ही हसलात आणि लिहून घ्यायला लागलात, तेव्हा मला वाटलं, आपल्या हातातून काहीतरी चांगलं निघालं. आठवडाभर मी खुशीत होते. कार्यक्रमात काय होणार ते मला थोडंच माहीत होतं?"

बाई काउंटरची कड धरून उभ्या होत्या.

"घरी गेल्यावर मीच आईला हात दाखवला. तोवर हाड वाकडंच जुळलं होतं. डॉक्टर म्हणाले, महिनाभर आधी आणली असती तर..."

दाराची घंटा वाजली. एक म्हातारे गृहस्थ तुटलेल्या काडीचा चष्मा हातात धरून आत आले. खारीची आई उठली, त्यांना बसवलं, चष्मा हातात घेऊन उजेडात धरला. गिऱ्हाइकापुढे आपण असं उभं राहणं बरं नाही म्हणून बाई दाराकडे वळल्या.

"जाऊ नका," ती चष्म्यावरून नजर न काढता म्हणाली. "त्या खुर्चीत बसा. माझं अजून सांगून झालेलं नाही."

बाई खुर्चीत बसल्या. म्हाताऱ्या गृहस्थांना नवी काडी दोनदा वाकवून बघावी लागली, मग त्यांना काच धूसर वाटली, मग डबी हवी झाली. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं नाही. गृहस्थ गेले, तिने दार लावून घेतलं आणि दुसरी खुर्ची ओढून बाईंच्या समोर बसली.